शिवेपलीकडे दोघं

कालव्याच्या पुलापलीकडे, बसथांब्यावर, अलिवेलु आणि फणिशर्मा अचानक समोरासमोर आले.

"तू इथे?"

"तुम्ही इथे?"

मग दोघांनीही मागे वळून पाहिलं. पूल म्हणजे गावाची शीव. ऊन नारळाच्या झावळ्यांत उतरलेलं. घरी मडक्यात लग्नहोमाचा अग्नी, आणि त्याच्यापाशी... कुणीच नाही.

संध्याकाळच्या होमाच्या वेळी नवरा-बायको दोघंही शिवेबाहेर असले, की तो अग्नी उरत नाही. उरतात ते नुसते निखारे.

"गेला," तो पुटपुटला.

"मला वाटलं, तुम्ही घरी आहात."

"मला वाटलं, तू."

लग्नाला सतरा दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत तो तिच्याशी जे बोलला, ते सगळं होमाला बसल्यावर, आणि एवढंच –

समिधा दे.

तूप दे.

दर्भानं मला स्पर्श कर.

तूप पुरे.

म्हणून ती न सांगता आईकडे निघाली होती.

"पिशवी... कसली?" त्यानं विचारलं.

"आधी तुमच्या हातातली पुडी कसली, ते सांगा."

त्याचे कान लाल झाले. "पूतरेकुलु. परवा शेजारणीला म्हणालीस ना, ते तांदळाचे गोड पापुद्रे खावेसे वाटतात... मी ऐकत नव्हतो. ऐकू आलं."

"शेजारणीशी बोललेलं ऐकू येतं! माझ्याशी बोलायला काय होतं हो?"

"भीती वाटते," तो म्हणाला. "मंत्र येतात मला. तुझ्याशी काय बोलायचं... ते कुणी पाठ करून घेतलं नाही."

तिला हसू आलं. ते तिनं गिळलं.

"आता गोड बोलून परत न्याल. बायकोशिवाय अग्नी ठेवता येत नाही ना, म्हणून!"

तेवढ्यात बस आली.

"अम्मा, चढताय की भांडताय?" कंडक्टर ओरडला. "भांडायलाही आत जागा आहे!"

फणिशर्माच आधी चढला. वळून, वाकून त्यानं हात पुढे केला.

"अहो – अग्नी?"

"तो गेलाच की. तू म्हणशील तेव्हा दोघं बसून पुन्हा ठेवू. आज तुझ्या आईकडे जाऊ. उद्या परतावंसं नाही वाटलं, तर... परवा."

"आणि परवाही नाही वाटलं तर?"

"तेरवा."

सगळी बस बघत होती. अलिवेलुनं हात दिला. चढून झाल्यावरही सोडला नाही.