त्याने जिंकलेले एकवीस डाव

खरं तर तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे आला होता. ते दुकान बंद दिसलं म्हणून आमच्या टायपिंगच्या दुकानाकडे वळला... आणि मी शटर ओढता ओढता थांबले.

"एवढं टाइप करून, छोटी पुस्तिका करून मिळेल?"

वहीत त्याने जिंकलेले बुद्धिबळाचे एकवीस डाव होते. तारखा, चाली, समोर कोण होतं ते... अक्षर मोत्यासारखं.

"तुम्हाला औषधाच्या दुकानात पाहिलंय. तिथे काम करता, आणि अक्षर असं?"

"वाईट अक्षर डॉक्टरांचं. आम्ही ते फक्त वाचतो," तो खाली बघत हसला.

"आणि हरलेले डाव?"

"ते कोण लिहून ठेवतं!"

मग रोज संध्याकाळी तो प्रुफं तपासायला येऊ लागला. एकेका डावाची गोष्ट सांगायचा. एकदा म्हणे हॉलचं छप्पर गळत होतं. रुमालाने पट पुसत पुसत त्याने समोरच्याचा वजीर मारला होता. एक निवृत्त स्टेशनमास्तर हरल्यावर म्हणाले होते, "पोरा, गाडी तुझी. सिग्नल माझा चुकला!" सांगताना त्याचे डोळे असे लकाकायचे, की माझी बोटं की-बोर्डवर नुसतीच थांबायची.

"पुस्तिका चाळीस पानांची," आत्या म्हणाली; दुकान तिचं, त्यामुळे जीभही तिचीच, "आणि तपासायला महिना? तो प्रुफं तपासतोय की तुला?"

त्यानेच मला खेळायला शिकवलं. अहो-जाहो कधी सुटलं, कळलंही नाही. मी रोज हरायचे.

"तुझा घोडा फार बावळट आहे गं."

"शिकवणाऱ्यावर गेलाय!"

एका संध्याकाळी प्यादं बोटात फिरवत तो म्हणाला, "रविवारी आईला घेऊन येऊ... तुमच्या घरी?"

"चाल तुझी आहे," मी म्हणाले, "मला काय विचारतोस?" आणि कानापर्यंत लाल झाले.

गुरुवारी मी सतरावा डाव तपासत होते. त्याचा सगळ्यात लाडका डाव. जिल्ह्याच्या विजेत्याला हरवलेला.

"अरे, इथे त्यांनी घोडा या घरात आणला असता तर... तूच हरला असतास ना?"

त्याने ते पान माझ्या हातातून काढून घेतलं.

"त्याला नाही दिसलं. म्हणून मी जिंकलो," तो तुटकपणे म्हणाला. "मांड पट."

त्या दिवशी तो रागाने खेळला, आणि चुकला. मला जिंकायची वाट स्वच्छ दिसत होती. एक प्यादं भलतीकडे सरकवलं असतं, तर रविवार सुखाने आला असता. दिसत होतं तेही. पण हात गेला तो हत्तीकडेच.

"शह," मी म्हणाले. मग, माफी मागावी तशा आवाजात, "...आणि मात."

"चांगली खेळलीस." त्याने हात पुढे केला. स्पर्धेत परक्या माणसाशी मिळवतात तसा.

रविवारी कोणी आलं नाही. बाबा दिवसभर खिडकीशी ये-जा करत राहिले. मी इस्त्रीची साडी सुरकुतेपर्यंत नेसून बसले होते.

सोमवारी तो एकटाच दुकानात आला.

"आईंना बरं नव्हतं का?" सबबही मीच पुढे केली.

"तिला मी सांगितलंच नाही." तो अडखळला. "दिवसभर मालकाची बोलणी खातो. पटावर तेवढा मी कोणीतरी असतो. घरी येऊन तिथेही हरायचं म्हणजे—"

"मग मी नाही खेळणार," मी मनापासून म्हणाले. "पटाला हातसुद्धा लावणार नाही."

वेडी आहेस का, असं त्याने म्हणावं... एवढंच हवं होतं.

त्याचा चेहरा सैल झाला. चार दिवस आवळलेली मूठ सुटावी तसा.

"खरंच?" तो म्हणाला. "खरंच नाही खेळणार ना?"

इतका आनंद त्याच्या आवाजात एकवीस डाव सांगतानाही नव्हता.

तयार पुस्तिकांचा गठ्ठा मी दोरीने बांधला. गाठ दोनदा सुटली. मग गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला.

"आईंना सांगितलं नाहीस ते बरं केलंस," मी म्हणाले. "आता सांगूही नकोस."

तो गेल्यावर आत्या आतून आली. "काय गं? नाही म्हणाला?"

"नाही गं आत्या... हो म्हणत होता," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.