पुढची फळी

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

आयुष्यभर विनोदी लिहून पोट भरलं. त्यामुळे मी गंभीरपणे काही सांगायला लागलो की लोक आधी हसून घेतात. आताही हसा. शेवटपर्यंत हसू टिकलं तर मला जरूर कळवा.

गेल्या वर्षीचा मार्च महिना. मुलुंड पूर्व. रविवारची दुपार.

हो, दुपारच. भुतांनी रात्रीच यावं असा काही जीआर निघालेला नाही.

माझी धाकटी बहीण जयंती आणि तिचा नवरा गुणाजी तिथे एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. गुणाजी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, किंवा कमिटीवर निवडून येऊन इतरांना करायला लावतात. गुणाजीने हॉलमध्ये होडी बांधायला घेतली.

शोभेची नव्हे. खरी, लाकडी, दोन माणसांची होडी.

"अरे, पण ही बाहेर कशी काढणार?" मी विचारलं.

"खिडकीची जाळी काढायची, दादानू. टेप लावून बघितलंय मी."

म्हणजे घरात होडी आणण्यापूर्वी त्याने खिडकी मोजली होती. बायकोला विचारलं नव्हतं.

आता जयंतीबद्दल सांगायला हवं. कारण गोष्ट होडीची असली तरी जळत होती जयंती.

जयंती ही गुणाजीची दुसरी. पहिली दर्शना. लग्नानंतर वर्षाच्या आत तापाने गेली. मग जयंतीचं लग्न ठरलं, आणि मांडवातच सासूने तिच्या गळ्यात चांदीचा एक टाक बांधला. नखाएवढा. त्यावर बाईची आकृती.

सवतीचा टाक.

पहिलीचा कोप होऊ नये म्हणून दुसरीने तिला जन्मभर गळ्यात वागवायचं. सणावाराला हळदकुंकू आधी त्या टाकाला, मग स्वतःला. नवी साडी आधी तिच्या नावाने ठेवायची, मग नेसायची.

जयंतीने सगळं केलं. पण धुमसत केलं.

"जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं रे दादा," ती मला म्हणायची. "मेलेलीच्या सोलकढीत कधी मीठ जास्त पडत नाही."

इतकी वर्षं ती त्या घरात दुसरी होती. जेवणात दुसरी, पूजेत दुसरी. सासू गेली तीसुद्धा तिला दर्शना म्हणून हाक मारत गेली.

आणि आता ही होडी.

गुणाजीने मरीन प्लायच्या फळ्या कापल्या. कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवल्या. सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की दगडासारखा कडक होणारा डिंक, आणि लाकडाचा भुसा यांचं मिश्रण भरलं. मग होडी उलटी घालून तिच्यावर फायबरग्लासचं पांढरंशुभ्र कापड अंथरलं. एकेक सुरकुती तळहाताने काढली. वरून इपॉक्सी ओतलं, रोलर फिरवला... आणि कापड दिसेनासं झालं. फक्त लाकूड, ओलं, चकचकीत.

जयंती दारात उभी राहून बघत होती.

"दादा, मला कधी एवढ्या हळू हाताने साडी नेसवली असती ना ह्यांनी, तर मी पाय चेपले असते."

"गप ऱ्हव गो," गुणाजी म्हणाला. "बुडबुडो ऱ्हवात."

मला हसू आलं. तेवढ्यात...

किण्.

आवाज उलट्या होडीच्या आतून आला. काचेची बांगडी फळीला लागावी तसा.

मी जयंतीच्या हाताकडे बघितलं. तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या. आणि ती होडीपासून लांब, दारात.

गुणाजी म्हणाला, "सुकताना लाकूड बोलतं, दादानू."

बरं. बोलतं.

त्याच दिवशी जेवताना जयंतीने अट घातली. ताटावर हात आडवा धरून तिने नवऱ्याला सांगितलं, "या होडीत पहिली मी बसणार. पुढच्या फळीवर. तुम्ही मागे बसून वल्ही मारायची. एवढी एक गोष्ट मला पहिली पाहिजे."

"बस की. तुझीच होडी."

"शपथ घ्या."

घेतली त्याने. जयंतीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा होडी सुलटी झाली होती. आतूनही कापड बसलं होतं, बसायच्या फळ्याही ठोकल्या होत्या. एक पुढे, एक मागे. टिचकी मारली तर काचेसारखी वाजेल अशी कडक.

फक्त पुढची फळी सुकली नव्हती.

पूर्ण फळीही नव्हे. मधला भाग. बोट लावलं की चिकट, गुळाच्या पाकासारखा.

"हार्डनर कमी पडला असणार," मी ज्ञान पाजळलं.

"एकाच डब्यातलं लावलंय सगळीकडे. दुकानदारपण तेच म्हणाला, हार्डनर कमी. तेवढा भाग खरवडून परत लावला. परत तसाच."

मी वाकून बघितलं. हॉलमध्ये इपॉक्सीचा असा वास होता की डोक्यात घण बसत होते. पण त्या फळीवर नाक नेलं आणि...

वास नव्हता.

कसलाच नाही. जणू तिथली हवा कुणी आधीच श्वासात ओढून घेतली होती.

जयंतीने कपाटातून टाल्कम पावडरचा डबा आणला आणि फळीवर शिंपडला. मग फुंकर मारली. चिकट भागावर पावडर बसली, बाकीची उडाली.

आकार उमटला. माणूस बसल्याचा. पाय एका बाजूला घेऊन, बायका बसतात तसा. त्यात विणीची बारीक जाळी.

"फायबरग्लासच्या कापडाची वीण आहे ती," मी म्हणालो. आवाज जमेल तितका शास्त्रीय ठेवला.

जयंतीने बोट ठेवलं. आकाराच्या एका कडेने नक्षीची पट्टी गेली होती. छोटी छोटी रुईफुलं.

"त्या कापडाला काठ असतो का रे दादा?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

गुणाजी मात्र वाकला. त्या काठाकडे बघत राहिला. फार वेळ. आणि अगदी हळू म्हणाला, "लग्नातलीच..."

त्याने हे म्हणायला नको होतं.

जयंतीचा चेहरा बघता बघता दगड झाला. "ओळखलीत? छान. माझ्या लग्नातल्या साडीचा काठ सांगा बघू कसा होता!"

गुणाजीला सांगता आला नाही. खरं सांगायचं तर मलाही आला नसता. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

"एवढी वर्षं हिला गळ्यात घेऊन फिरले," जयंती म्हणाली. "हिचं हळदकुंकू आधी, हिची साडी आधी. आणि मी एक फळी मागितली, तर तिथेही ही माझ्याआधी बसून?"

तिने गळ्यातला टाक ओढला. दोरा तुटला. टाक तिने डाळीच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

"आता बस म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. आवाजात सणासारखा आनंद. "दादा, फळी सुकली! खडखडीत! गेली एकदाची."

मी अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर मात्र एक विचार मनात आला आणि तो अजून जात नाही.

आपण टाक बांधतो तो मेलेल्याला मान म्हणून... की मेलेल्याने जागा सोडू नये म्हणून?

जाळी काढून, सोसायटीतल्या बघ्यांच्या सूचना ऐकत होडी बाहेर निघाली. टेम्पोने खाडीवर नेली. कोळ्यांची छोटी जेटी होती, भरतीचं पाणी चढलेलं, दूर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. गुणाजीने नारळ फोडला. होडी पाण्यात उतरली. अगदी झकास तरंगली.

"चला," जयंती म्हणाली. नवी साडी नेसली होती. कुणाच्याही नावाने आधी न ठेवलेली.

ती उतरली. पुढच्या फळीवर बसली. आमच्याकडे बघून हसली.

मग मला काहीतरी खटकलं.

मागची फळी रिकामी होती. एवढीशी होडी, आणि जयंती काही हलकी नव्हे. तिच्या वजनाने पुढचं टोक पाण्यात झुकायला हवं होतं.

होडी सपाट होती. पाण्याच्या रेषेत.

गुणाजीच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने हात जोडले. कुणाला, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

जयंतीचं हसू विरलं. तिने मागे वळून बघितलं. मग हळूहळू तिची नजर सरकत आली... मागून पुढे... तिच्या अगदी शेजारी येऊन थांबली.

आता ही किंचाळणार, असं मला वाटलं.

जयंती किंचाळली नाही. बसमध्ये शेजारणीला म्हणतात ना, त्या वैतागलेल्या, रोजच्या आवाजात ती म्हणाली,

"सरक गं जराशी. सगळी फळी तुझीच आहे का?"

आणि होडी हलली.

वारा नव्हता. लाट नव्हती. होडी एका बाजूला कलली, मग सावरली. कुणी फळीवर सरकून जागा करावी तशी.

गुणाजीने धावत जाऊन होडीत पाय टाकला. जयंतीने वल्हं उचललं आणि जेटीला जोरात रेटा दिला. गुणाजी कसाबसा मागे पडला.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुमचं काम नाही इथे."

जिने जन्मात वल्हं धरलं नव्हतं ती माझी बहीण वल्हवत खाडीत गेली. तिच्या बोलण्याचा आवाज पाण्यावरून येत होता. बोलायची, थांबायची, परत बोलायची. थांबायची तेव्हा कुणी उत्तर देतंय असं वाटायचं.

परत आली तेव्हा घामाघूम होती. डोळे रडून सुजलेले. "झालं बोलून?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"एका दिवसात होतंय?" ती म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी ती होडी घेऊन जाते. गुणाजीला नेत नाही. मलाही नेत नाही. "जागा नाही रे दादा." टाक पुन्हा घालून बघ, असं मी एकदा सुचवलं. "घातला होता. ती आता त्यात मावत नाही. मोकळं बसायची सवय लागली तिला."

आणि गुणाजी? तो आता जेटीवर बसून राहतो. दोघी परतल्या की तोंड वळवतो. इतकी वर्षं जे जयंतीने सोसलं, ते त्याच्या वाट्याला आलं.

"काय बोलतात हो एवढं?" त्याने मला विचारलं. "माझ्याबद्दल बोलत असतील?"

इथपर्यंत ठीक होतं. इथपर्यंत मलाही मनातून थोडी गंमत वाटत होती.

परवा मुलुंडला गेलो. दार उघडलं आणि इपॉक्सीचा वास आला. हॉलमध्ये नव्या फळ्या. गुणाजी गुडघे टेकून एक कड पॉलिशपेपरने घासत होता.

"अजून एक?"

"मोठी," तो म्हणाला. "तिघांची."

जयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एवढी खंगलेली मी तिला कधीच बघितली नव्हती.

"दादा, तू सांग ना ह्यांना. माझं ऐकत नाहीत. मी रविवारी हौस म्हणून जाते का रे? मी गेले नाही तर ती ह्यांनाच घेऊन जाईल. पहिल्या दिवसापासून तेच मागतेय. मी मध्ये बसते, म्हणून थांबलीय."

"मग तू तिलाच समजाव ना," मी म्हणालो.

"कशी समजावू? बघ ना, आताही ऐकत नाहीये. नुसती हसतेय. ह्यांच्या कानाशी लागून."

मला काही ऐकू आलं नाही. खरंच नाही.

पण गुणाजीचा हात थांबला. पॉलिशपेपर हातातच राहिला. त्याने मान थोडी कलती केली, कुणी कानात काही सांगावं तशी. ऐकलं.

आणि तो लाजला.

पासष्टीचा माणूस, पांढऱ्या मिशा, अंगभर भुसा. मांडवातल्या नवरदेवासारखा खाली बघून लाजला.

जयंती ते बघत होती.

मी जयंतीकडे बघितलं नाही. चहा न घेताच निघालो. फोन वाजला की अजून आधी नाव बघतो, आणि तिचं असलं की उचलायला वेळ लागतो.