दुसरी तडतड

माझा पांढरा कोट बाल्कनीत वाळत होता आणि त्याच्यावर तपकिरी सालपटं येऊन बसत होती. कागदाहून पातळ, वाऱ्यावर तरंगत खालून वर येणारी... आणि ओल्या कापडाला अशी चिकटणारी की विचारू नका.

"खालचा सुतार," ताई आतून म्हणाली. "नवीन आलाय. रोज करवत, आणि सुट्टीच्या दिवशी धूर. मी त्याचं नावच धुरंधर ठेवलंय."

मी कोट हँगरसकट उचलला आणि तरातरा जिना उतरले. भांडायचं अगदी पक्कं ठरवून.

दुकानामागच्या अंगणात भिंतीला फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. मधोमध गॅसची शेगडी, शेगडीवर आडवा स्टीलचा डबा, आणि त्या डब्याची मूठ फिरवत माझ्याकडे पाठ करून उभा असलेला तो.

"अहो!"

ढिम्म हलला नाही.

"अहो, ऐकताय का?"

तरीही नाही. असला शिष्टपणा! मी वळसा घालून थेट समोर गेले आणि कोट त्याच्या नाकासमोर धरला.

तो दचकला. मग कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्यांच्या कडांना भुसा लागला होता आणि तरी ते डोळे हसत होते.

"छान आहे," तो म्हणाला.

"काय छान आहे? काय पडलंय यावर, बघा!"

"अरेच्चा! कॉफीची सालं. सॉरी... खरंच सॉरी. धुऊन देतो. पण आत्ता हात थांबला तर आतल्या बिया जळतील. तुम्ही जरा हे फिरवाल? मी चाळणी घेऊन येतो."

"मी?"

"सावकाश फिरवा. रागाने नको."

मी रागानेच फिरवायला लागले. पण डब्याला काचेची छोटी खिडकी होती आणि तिच्यातून दिसत होतं... हिरवट बिया पिवळ्या होत होत्या, पिवळ्याच्या बदामी. आधी गवतासारखा वास येत होता, मग भाजलेल्या पावासारखा. राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. आणि तेवढ्यात आतून – तड! तड तड!

"अगं बाई!" मी मूठ सोडून मागे सरले.

त्याने धावत येऊन मूठ पकडली. "फिरवत राहा, फिरवत राहा! लाह्यांसारख्या फुटतात त्या. ही पहिली तडतड. थोड्या वेळाने दुसरी होते, हळू आवाजात. ती सुरू झाली की लगेच उतरवायच्या."

बिया चाळणीत ओतून त्याने पंख्यासमोर गार केल्या. त्या आज प्यायच्या नसतात म्हणे, एक दिवस मुरू द्यायच्या. म्हणून आधी भाजलेल्यांची कॉफी करून त्याने कप माझ्या हातात दिला, आणि परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसा उभा राहिला.

मला खोटं बोलता येत नाही. "धुरासारखी लागतेय," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "हो ना! गिऱ्हाइकं तोंडावर बोलत नाहीत, कप अर्धा ठेवून जातात. जुन्या दुकानात इतकी सुरेख व्हायची... लोक खुर्ची बघायला यायचे आणि कॉफीसाठी बसून राहायचे. हल्ली प्रत्येक घाणा करपतो. बर्नर बदलला, रेग्युलेटर बदलला. आता वाटतं, मोडीत काढावं हे सगळं."

का कोण जाणे, मला फार वाईट वाटलं. "पुढच्या रविवारी मी बघायला येऊ?" मी विचारलं.

पुढच्या रविवारी मी गेले. आणि या वेळी भांडायला हातात कोटही नव्हता.

मग ते रविवार सुरूच झाले. मी मूठ फिरवायची, तो ज्योत कमी-जास्त करायचा. मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते हे त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मग तुमच्यासमोर जपून बोलायला हवं." पण जपून बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. एकदा मी नाक पुसत म्हणाले, "आज सर्दी झालीये हो."

"गर्दी?" त्याने इकडेतिकडे बघितलं. "कुठे आहे गर्दी? आपण दोघंच तर आहोत."

मी मूठ उलटीच फिरवली.

आणखी एकदा त्याने कप पुढे केला. मी म्हणाले, "मला साखर नको."

"अंतर नको?" त्याने भुवया उंचावल्या. मग गंभीरपणे आपलं स्टूल उचललं आणि माझ्या शेजारी आणून ठेवलं. "घ्या. आता ठीक?"

त्या संध्याकाळी ताईने मला आरशासमोर दोनदा पकडलं. "धुरंधर म्हणाला तरी काय एवढं?" तिने विचारलं. मी सांगितलं. ताई खो-खो हसली. "बेरकी आहे गं! असं बोलायला डोकं लागतं."

मलाही तसंच वाटत होतं... तो दिवस येईपर्यंत.

त्या दिवशी पहिली तडतड होऊन गेली होती. बिया गडद होत चालल्या होत्या. आणि डब्यातून एक नवा आवाज आला – बारीक, घाईघाईचा, वाळल्या पानावर पाय पडावा तसा.

"सुरू झाली दुसरी!" मी म्हणाले. "उतरवा!"

"अजून कुठे?" तो डब्यापाशी कान नेत म्हणाला. "अजून वेळ आहे."

तो माझ्याहून जवळ उभा होता. त्याचा कान डब्यापासून हातभरही लांब नव्हता, आतून चुरचुर-चुरचुर चालली होती, आणि तो शांतपणे वाट बघत होता.

करवत... वर्षानुवर्षं कानाशी करवत. असे कान मी रोज तपासते. जाड आवाज नीट ऐकू येतात, बारीक आवाज हळूहळू निसटत जातात, आणि माणसाला वाटत राहतं की लोकच पुटपुटतात. पहिल्या दिवशीच्या माझ्या हाका आठवल्या. सर्दीची गर्दी... साखरेचं अंतर...

म्हणजे तो चेष्टा करतच नव्हता. त्याला फक्त ऐकू आलं नव्हतं.

करपल्याचा वास आला तेव्हा त्याने घाईने बिया ओतल्या. "बघा, परत तेच!" तो वैतागून म्हणाला. मी काहीतरी कारण सांगून निघून आले.

पुढच्या रविवारी गेलेच नाही. ताईने दोन-तीनदा विचारलं, तेव्हा रडूच फुटलं. "तो मला कधी काही बोललाच नव्हता गं. मीच आपली..."

ताईने मला रडू दिलं. मग म्हणाली, "आधी त्याला कानाचं सांग. मनाचं नंतर बघू."

रोज अनोळखी माणसांना मी हे सहज सांगते. त्याला सांगायला मात्र पाय ओढत दुकानात गेले. तो एका खुर्चीचा पाय घासत होता. मी समोर बसले, मोठ्याने आणि सावकाश, सगळं सांगितलं. यंत्रात काही बिघाड नाही, बर्नरमध्ये नाही, बियांमध्ये नाही.

त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्याकडे पेशंट म्हणून बघत होतात."

"नाही!" मी म्हणाले. "तसं बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"मग कसं बघत होतात?"

मी उठले आणि सरळ जिना चढले.

वाटलं, संपलं. पण आठवडाभराने दवाखान्यात बाहेरच्या बाकावर तो बसलेला दिसला. इस्त्रीचा शर्ट, भुशाचा कण नाही, आणि तोंड असं की जणू दाढ काढायला आलाय.

मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले. "आवाज आला की बटण दाबा. अगदी बारीक आला तरी."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही दाबायचं."

काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो. जाड आवाजांना त्याचा अंगठा पटापट चालला. मग आवाज बारीक होत गेले आणि अंगठा थांबला. मी आवाज मोठा करत नेला... तो नुसता माझ्याकडे बघत होता. इतक्या विश्वासाने, की माझे डोळे भरून आले आणि मला खुर्ची फिरवून बसावं लागलं.

आलेख त्याला समजावून सांगितला. कानाला यंत्र लावलं तर यातलं बरंच परत ऐकू येईल, हेही सांगितलं. तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक विचारू? मी तुमचं आणखी काय काय चुकीचं ऐकलंय?"

"फार काही नाही."

"सांगा ना."

"एकदा... मी म्हणाले होते, सर्दी झालीये."

तो विचारात पडला. मग एकदम आठवलं त्याला – आणि कान लालबुंद झाले. "अरे देवा! आणि मी गर्दी..."

"हं."

"आणि ते अंतर?"

"साखर."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतून माझ्याकडे बघितलं. हळूहळू हात खाली आले.

"ऐकलं ते चुकून," तो म्हणाला. "पण बोललो ते चुकून नव्हतं हां."

दारावर टकटक झाली, पुढचा पेशंट आत डोकावला, आणि मी त्यालाही हसून "या, या" म्हणाले. एवढ्या आनंदाने आजवर मी कुणाचं स्वागत केलं नसेल!

यंत्र मात्र मी बसवलं नाही, माझ्या वरिष्ठ बाईंकडे ते काम सोपवलं. बाईंना कारण न सांगताच कळलं होतं.

त्या रविवारी मी अंगणात गेले तेव्हा तो शर्टाची बाही चोळत उभा होता. "हिचाही आवाज येतो!" लहान मुलासारखा हरखून म्हणाला. "आणि तुम्ही जिना उतरताना चपला घासत चालता, माहितीये?"

"नाही हं!"

"चालता. फार छान वाजतात."

शेगडी पेटली. मी मूठ फिरवत होते. गवत, पाव, बदाम... मग पहिली तडतड. तो नेहमीसारखा नुसता हसला. मी मुद्दाम काही बोलले नाही. श्वाससुद्धा हळू घेतला.

चुर्र... चुर्र चुर्र...

त्याने झटकन हात वर केला. डोळे मोठे झाले. "ही? हीच ना?"

मी मान हलवली.

"आली! अगं, आली ऐकू!" त्याने डबा फिरवून बिया चाळणीत ओतल्या, पंखा लावला, आणि त्या धुरात उभा राहून हसत राहिला. बिया अगदी चॉकलेटी झाल्या होत्या, एकही काळी नव्हती. त्याने ओंजळभर उचलून माझ्यासमोर धरल्या. मी वास घ्यायला वाकले. आणि तेव्हा तो काहीतरी बोलला.

"काय?" मी वर बघितलं.

तो पुन्हा पुटपुटला. एवढंसं. नवीन यंत्र लावलं की माणसाला आपलाच आवाज मोठा वाटतो आणि तो बारीक बोलायला लागतो. हे मी शेकडो लोकांना समजावलंय. आणि आता समोर हा, ओठ हलताहेत, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं!

"अहो, नीट बोला. मला ऐकू येत नाहीये."

तो आधी बघतच राहिला. मग त्याला हसू आवरेना. त्याने बिया खाली ठेवल्या, छाती भरून श्वास घेतला आणि करवत चालू असताना बोलायचा तसल्या आवाजात ओरडला,

"म्हटलं, माझ्याशी लग्न करशील का?"

फळीवरचा कावळा उडाला. समोरच्या खिडकीचा पडदा सरकला. वर बाल्कनीत ताई हातात ओला टॉवेल घेऊन वाकली होती.

"अगं, लवकर 'हो' म्हण," ती वरून ओरडली, "नाहीतर परत विचारेल तो!"

मी त्याच्या कानाशी गेले आणि अगदी हळू, श्वासाएवढ्या आवाजात म्हणाले, "हो."

त्याचा चेहरा उजळला, आणि तो वर बघून ताईला म्हणाला, "हो म्हणाली!"