वानर ओरडलंच नाही

रुखमाबाई किंचाळली आणि बाकावरून धपकन खाली पडली. शाळेच्या खोलीत जमलेली मंडळी पोट धरून हसली. डोळ्यांवर बांधलेल्या जाडजूड व्हीआर चष्म्यातल्या जंगलातून वाघानं तिच्या अंगावर झेप घेतली होती. मनगटावरच्या पट्ट्यानं तिचे ठोके मोजले, आणि नागपूरहून सर्वेक्षणाला आलेल्या निकेश सरांनी लॅपटॉपवर आकडा टिपला, एकशे बेचाळीस.

दुर्गाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसता काय? ही तिची माय! आठच दिवसांपूर्वी विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडताना हिच्यासमोरून खराखुरा वाघ गेला होता. तेव्हा ही पानांचा पुडा छातीशी धरून गुमान उभी राहिली, आणि तो गेल्यावर पुन्हा पानं तोडायला लागली. अशी बाई चष्म्यातल्या वाघाला भिते कशी?

बल्लारपूरहून सुट्टीत आलेली मावसबहीण उर्वशी मात्र लॅपटॉपकडे टक लावून बघत होती. बाहेर येताच तिनं दुर्गाला आणि तिच्या धाकट्या भावाला, लालसूला, कडुनिंबाखाली ओढलं. सरांच्या अहवालाचं नाव तिनं लॅपटॉपवर वाचलं होतं. ‘वाघाच्या दहशतीमुळे गावकरी गाव सोडण्यास तयार.’ गाव जंगलातून हलवायचं की नाही ते ठरवायला उद्या ग्रामसभेत तो वनाधिकाऱ्यांसमोर वाचला जाणार होता.

"गाव सोडता का म्हणून आपल्याले कोनी विचारलं?" दुर्गा उसळून म्हणाली.

"तोंडाले नाई विचारलं. ठोक्याले विचारलं," उर्वशी म्हणाली.

केवढा हा आगाऊपणा! लोकांना गंमत म्हणून बोलवायचं, बिस्किटं वाटायची, आणि त्यांच्या किंकाळीवर आपल्याला हवं ते लिहून न्यायचं!

संध्याकाळी रुखमाबाईनं ताट बाजूला सारलं. आपण भित्र्या झालो, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. चष्म्यात नेमकं काय दिसलं, असं दुर्गानं खोदून खोदून विचारलं. पळस आपल्यासारखा होता, बांबूही आपल्यासारखाच होता, असं माय सांगत गेली आणि मध्येच थांबली.

"वानर ओरडलंच नाई वं. मी कान देऊन राह्यली होती."

दुर्गा ताडकन उठून बसली. वाघ हलला की झाडावरचं वानर खेकसतं, चितळ हाक देतं. तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायका हात पानांवर ठेवतात आणि कान रानावर. इशारा झाला की वाट सोडून उभ्या राहतात. मायनं चष्म्यातही तेच केलं होतं, आणि त्या खोट्या रानानं तिला दगा दिला होता.

पण खात्री करायला हवी होती. सकाळी लालसूनं लाडीगोडी लावून सरांकडे चष्मा मागितला. सर फोनवर बोलण्यात दंग होते. त्यांनी न बघताच मान डोलावली. तिघांनी आळीपाळीनं ती फिल्म तीन-तीनदा बघितली, कानांत प्राण आणून ऐकली. वानर नाही, चितळ नाही, मोरसुद्धा नाही. शोधता शोधता उर्वशीला चष्म्यात एक खेळही सापडला. उंच इमारतीच्या टोकावरून एका अरुंद फळीवर चालायचं. दुर्गा गालात हसली.

दुपारी ग्रामसभा भरली. निकेश सरांनी वनाधिकारी बाईंसमोर आकडे वाचून दाखवले. कालपर्यंत हसणाऱ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. तेवढ्यात दुर्गा उभी राहिली. सरांनीही एकदा चष्मा घालावा, एवढंच तिचं मागणं होतं. पोरीला खाली बसवा, असं सर म्हणाले; पण ग्रामसभेचे अध्यक्ष वारलूभाऊ म्हणाले, "घाला ना सर. आमी सगळ्यांनी घातला."

उर्वशीनं सरांच्या मनगटावर पट्टा बांधला आणि फळीचा खेळ लावला. सपाट फरशीवर सरांनी दोन पावलं टाकली, आणि मग ते चक्क चार पायांवर आले! पट्ट्यावर आकडा चढला, एकशे एक्कावन्न.

"सर आमच्या फरशीले भेतात," दुर्गा म्हणाली. "तं आता शाळा हलवाची का?"

सभा खदखदून हसली. वनाधिकारी बाईही हसल्या, पण मग गंभीर झाल्या. चष्म्यात भीती वाटते हे तर खरंच आहे, मग ती खोटी कशी म्हणायची, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मागून रुखमाबाई उठली. भर सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"भेली मी. खोटं नाई," ती म्हणाली. "पण ह्यायनं मले वाघ दाखवला, जंगल नाई दाखवलं. जंगल असतं तं त्यानं मले आधीच सांगितलं असतं."

बाईंनी अहवाल मिटला. असल्या आकड्यांवर गाव हलत नाही, असं त्यांनी निकेश सरांना सर्वांसमोर सुनावलं. गाव इथंच राहील, असा ठराव हात वर करून झाला. वारलूभाऊंनी तिन्ही पोरांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली आणि इतिवृत्ताची वही दुर्गापुढे सरकवली. रुखमाबाईचं बोलणं जसंच्या तसं उतरून घे, असं त्यांनी सांगितलं. लिहिताना दुर्गानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं, आणि काल हसलेली माणसं मान खाली घालून ऐकत राहिली.