जलद बोटीवरचं पाकीट

बोटीनं किनारा सोडून पाऊण तास झाला होता, आणि भाऊजींनी सकाळचा नाश्ता कागदी पिशवीच्या स्वाधीन करून पाच मिनिटं.

"एका दिवसाची सहल म्हणालात वहिनी," ते कण्हले. "जाऊन येईपर्यंत मी उरेन असं काही दिसत नाही."

"वर्तमानपत्र वाचायला कुणी सांगितलं होतं? या वेगात मान खाली घालून बारीक अक्षर बघितलं की संपलंच. समोर बघा."

केबिन सांभाळणारी बाई फेरी मारत आली. भाऊजींनी तोंड दुमडलेली पिशवी निखारा असावा तशी तिच्या हातात कोंबली.

"सगळे असंच करतात," ती हसली. "एकदा भरली की क्षणभर हातात नको असते कुणाला. म्हणून तर माझ्या एवढ्या फेऱ्या."

वहिनी खाजगी तपासनीस होत्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, धंद्यानं दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद असेल त्या दिवशी ते वहिनींच्या तपासात मदत करत. म्हणजे माणसाचे दात सोडून बाकी काही त्यांच्या लक्षात येत नसे. वहिनींच्या पर्समध्ये एक छोटी वही असे. पानावर दोन रकाने: 'म्हणाला' आणि 'केलं'. दोन्ही रकाने जुळले की माणूस सोडायचा, नाही जुळले की धरायचा. वीस वर्षं त्यांचं एवढ्यावर भागलं होतं.

"आपणच त्या तपासनीस बाई ना?" चाळिशीचा एक माणूस घाईघाईनं आला. रांगेत उभं असतानाच भाऊजींनी निम्म्या बोटीला वहिनींचा आणि आपलाही व्यवसाय सांगून ठेवला होता. "माझ्या वडिलांचं पाकीट गेलं. मघाशी बोट हळू झाली तेव्हा मी चहा आणायला उठलो. पाकीट टेबलावर, बाबांच्या चष्म्याखाली होतं. परत येतो तर चष्मा आहे, पाकीट नाही!"

"काय होतं त्यात?"

"बाबांचं ओळखपत्र आणि एक प्रवेशपत्र." त्याचा आवाज उतरला. "पलीकडच्या किनाऱ्यावर एक वृद्धनिवास आहे. आज बारापर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. आठ महिने थांबलोय. पाकीट पंजाएवढंच आहे, पण ते नसेल तर बाबांचं..."

वहिनींनी केबिनवाल्या बाईला गाठलं. बोट वेगात असताना डेकचं दार बंद असतं, खिडक्या उघडतच नाहीत. थोडक्यात, पाकीट समुद्रात गेलेलं नव्हतं.

"मध्येच हळू कशाला झाली बोट?"

"कोळ्यांची जाळी होती. दोन मिनिटांचं काम. त्याची घोषणासुद्धा करत नाही आम्ही."

टेबलापाशी तिघं होते. खिडकीला म्हातारे वडील, त्यांच्या समोर सून, आणि मधल्या वाटेपलीकडच्या खुर्चीवर नमुन्यांची पेटी घेतलेला एक चष्मे विकणारा. त्यानं न सांगताच पेटी उघडली.

"मोजा! एकशे वीस फ्रेमा आणि पाकीट शून्य. मी फक्त एकदा उठलो बाई, वरच्या फळीवरून पेटी काढायला. तेव्हा यांच्या टेबलाकडे पाठ होती माझी. या ताई तर जागच्या हलल्याच नाहीत."

सगळ्यांच्या पिशव्या, खिसे, खुर्च्यांखालची जागा, सगळं बघून झालं. काही नाही.

सुनेच्या मांडीवर सासऱ्यांचा काळा कोट होता. त्याला काळ्या दोऱ्यानं काळं बटण लावणं चाललं होतं. कोपराशी तोंड दुमडलेली कागदी पिशवी.

"मलाही बोट लागलीय हो," ती मान वर न करता म्हणाली. "जीव रमवायला म्हणून हे घेतलं." आणि सुईत नवा दोरा एका झटक्यात ओवला.

"हिला कधी लागत नाही," मुलगा पुटपुटला. "आजच काय झालं कोण जाणे."

"हात बघा तिचा," म्हातारे कौतुकानं म्हणाले. ते आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले होते. "माझ्याकडून घड्याळ उघडायला शिकली. आता दुकान तीच चालवते, मी नुसता शेजारी बसून चुका काढतो. सापडत नाहीत, तो भाग वेगळा. आमचे चिरंजीव गेले औषधांच्या दुकानात."

"पाकीट गेलं तेव्हा तुम्ही काय करत होतात, बाबा?"

"झोपलो होतो. किनारा सुटला तसा डोळा लागला, तो हा ओरडला तेव्हाच उघडला." मग त्यांची नजर भाऊजींच्या हिरव्या चेहऱ्यावर गेली. "डॉक्टर, मघाशी जाळ्यांपाशी बोट हळू झाली तेव्हा खिडकीबाहेर बघायचं होतंत. किती छान काळी फडकी लावली होती जाळ्यांच्या तरंगत्या बोयांवर! लांबचं बघितलं की पोट ठिकाणावर येतं."

"अस्सल दात आहेत म्हाताऱ्याचे," परत येताना भाऊजी म्हणाले. "चोर मात्र चष्मेवाला. एवढं बोलणारा माणूस काहीतरी लपवतोच."

"मग तुम्हाला तर जन्मठेपच व्हायला हवी," वहिनी म्हणाल्या आणि वहीत चार ओळी लिहिल्या.

बोट साडेदहाला लागली. चष्मेवाला सगळ्यांना आपलं कार्ड वाटून गेला. धक्क्यावरच्या प्रतीक्षालयाच्या कोपऱ्यात वहिनींनी त्या तिघांना बाकावर बसवलं.

"बोटीवर दोनशे कान होते, म्हणून गप्प बसले," त्या म्हणाल्या. "पाकीट बाहेर टाकता येत नव्हतं आणि सामानात सापडलं नाही. मग उरली एकच जागा, जिच्यात डोकावायचं आपल्या कुणाच्याही मनात आलं नाही. बाई, ती पिशवी द्या."

सुनेनं कागदी पिशवी छातीशी धरली.

"अहो वहिनी!" भाऊजी दोन पावलं मागे सरले. "ती भरलेली आहे!"

"कशानं? भाऊजी, तुम्हाला वर्तमानपत्राची अक्षरंसुद्धा सोसली नाहीत. यांनी मान खाली घालून काळ्या कोटावर काळा दोरा चालवला, सुई एका झटक्यात ओवली. बोट लागलेल्या माणसाचं हे काम नव्हे. बरं, भरलेली पिशवी माणूस पहिल्या संधीला देऊन टाकतो. केबिनवाल्या बाई यांच्या शेजारून कितीदा गेल्या. उतरताना तीन कचरापेट्या लागल्या. यांनी ती जपून इथवर आणली."

सुनेनं पिशवी उघडली. आत कोरडं, नीट दुमडलेलं पाकीट होतं.

"टाकणार नव्हते," ती म्हणाली. "त्यात बाबांचं ओळखपत्र आहे. बारा वाजून गेले की देणारच होते."

"अगं, पण का?" मुलगा उठून उभा राहिला. "बाबांची इच्छा होती ना!"

"बाबांना विचारलं तर ते म्हणतात, तुमची सोय. तुम्हाला विचारलं तर म्हणता, बाबांची इच्छा. माझी इच्छा काय ते कुणी विचारलं?"

वहिनी म्हाताऱ्यांकडे वळल्या.

"बाबा, तुमचाही एक हिशेब जुळत नाही. किनाऱ्यापासून झोपलो होतो म्हणालात. पण जाळ्यांची घोषणा झाली नव्हती. बोयांवरची काळी फडकी दोन मिनिटंच दिसली, आणि तीही खिडकीतून बाहेर बघणाऱ्यालाच. म्हणजे मुलगा चहाला गेला तेव्हा तुम्ही जागे होतात. टेबल तुमच्या समोर होतं. आम्ही पाकीट शोधत होतो तेव्हा अख्ख्या टेबलावर खिसे न चाचपणारे तुम्ही एकटेच. तुम्ही बघितलंत."

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाच पुसला.

"खिडकीच्या काचेत दिसलं. पाकीट उचलताना हिचे हात थरथरत होते. माझ्या दुकानात केसासारख्या स्प्रिंगा बसवते, तेव्हा कधी थरथरले नाहीत. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, चोरू दे."

"बाबा!"

"अरे, अर्ज मीच केला. न्हाणीघरात पडलो तेव्हापासून तू माझ्या खोलीत सतरंजी टाकून झोपतोस आणि दुकानात उभ्या उभ्या डुलक्या घेतोस. कुणी चुकीचं औषध घेऊन जाईल अशानं. म्हणून म्हटलं, मला माझ्या वयाच्या माणसांत राहायचंय. तू लगेच हो म्हणालास."

"तुम्हाला अडवतोय असं वाटायला नको, म्हणून म्हणालो! मी त्या दिवशी जेवलोसुद्धा नव्हतो."

"ते मला कुठे दिसलं? आठ महिन्यांत मला सगळे विचारत होते, बॅगेत काय काय भरायचं. राहा असं कुणी म्हटलं नाही. आज हिनं म्हटलं, तेही चोरी करून."

भाऊजींनी नाक शिंकरलं आणि बोट अजून उतरली नाही अशी सबब सांगितली.

मुलानं पाकीट घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. निवास रिक्षानं वीस मिनिटांवर. वेळ भरपूर होता. त्यानं पाकीट वडिलांच्या हातात दिलं.

"तुम्ही ठरवा, बाबा. पण मी आधी सांगतो. जाऊ नका. सतरंजीवर झोपायचं की पलंग आणायचा, ते आपण तिघं बसून बघू. दिवसा मदतीला माणूस ठेवू. पण जाऊ नका."

म्हाताऱ्यांनी पाकिटातलं प्रवेशपत्र काढलं, लांब धरून त्यावरचा नंबर वाचला आणि सुनेकडून फोन मागून घेतला.

"हॅलो, कार्यालय का? बाराची वेळ होती माझी. ती खोली यादीतल्या पुढच्या माणसाला देऊन टाका... नाही, प्रकृती उत्तम आहे... कारण? कारण लिहा की कागद चोरीला गेले." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी समोर रडत हसणाऱ्या सुनेकडे आणि तिला रुमाल शोधून देणाऱ्या मुलाकडे पाहिलं. "हो, सापडले ना चोर. घरातलेच आहेत. छे हो, पोलीस कशाला? त्यांनाच घेऊन आता समुद्रावर फिरायला चाललोय."