धरून ठेवलेली जागा

ये गं योगिता, ये. चपला आतच काढ, बाहेर ठेवल्यास तर कुत्रं घेऊन पळेल. बस. चहा टाकलाय, पण तुझ्या सासूसारखा गोडमिट्ट मिळणार नाही, आधीच सांगते.

तर तुम्ही दोघं जपानला निघालात, आणि तुला त्या रेल्वेच्या पासचं विचारायचंय. विचार की! आपल्या ह्या अख्ख्या डिंडोलीत तो पास वापरलेली मी एकटीच असेन. सात दिवसांचा असतो. हव्या त्या गाडीत बसा, हव्या त्या गावाला उतरा. फक्त बाहेरून फिरायला आलेल्यांनाच मिळतो. आमची गायत्री तिथं नोकरीला, म्हणून तिला मिळाला नाही, आणि सुट्टीही नव्हती. मला म्हणाली, "आई, एकटी फिरशील?" म्हटलं, "एकटी कुठं? तुझे बाबा आहेत की." हे जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

तू ह्यांना फारसं पाहिलं नाहीस. सचिन गावात कापडाच्या डायिंग मिलमध्ये एकतीस वर्षं मशीनपुढं उभे राहिले. संध्याकाळी घरी यायचे ते ओलेचिंब, रंगाचा आणि वाफेचा वास घेऊन. पाय सुजून खांबासारखे. आणि दर दिवाळीला, लग्नसराईला आम्ही उधन्याहून गावी, नंदुरबारकडे निघायचो, तेव्हा काय करायचे ठाऊक आहे? गाडी थांबायच्या आधी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचे. रुमाल पडला की जागा आपली. मग मला हाक, "सरला, जागा धरेल शे, बठ आते!" मी खिडकीशी बसायची, आणि हे माझ्या सीटजवळ उभे. चलथाण गेलं, बारडोली गेली, व्यारा गेलं, तरी उभे. मी म्हणायची, या की हो, थोडं टेका. तर म्हणायचे, "मला सवय आहे. एकदाच लांबच्या गाडीत खिडकीला बसेन, मग उठणार नाही बघ."

ते 'एकदाच' काही आलं नाही. मिलमधून घरी आले, चहा मागितला, आणि चहा व्हायच्या आत गेले. मला बाकी कशाचं नाही वाईट वाटलं इतकं, त्या खिडकीचं वाटलं. म्हणून जपानला जाताना त्यांचा हिरव्या चौकटीचा रुमाल पर्समध्ये घातला. ठरवलं होतं, ह्या वेळी जागा मी धरणार आणि खिडकीला हे बसणार.

तिथल्या गाड्या म्हणजे काय सांगू! लांब नाकाच्या, पांढऱ्याशुभ्र. खिडक्या उघडतच नाहीत, त्यामुळे रुमाल बाहेरून टाकायची सोय नाही. पण पुढचे काही डबे आपल्या जनरलसारखे, रिझर्व्हेशन नको. मी आत शिरायची, खिडकीच्या सीटवर रुमाल पसरायची आणि शेजारी बसायची. दशमी काढली की एक घास रुमालावर. गाडी सुटली की हळूच म्हणायची, "बसलात ना नीट?" टीसी डब्यातून बाहेर जाताना वळून कमरेत वाकून नमस्कार करतो गं तिथं! मी ह्यांना म्हटलं, बघा, मिलमध्ये कधी कुणी तुमच्यापुढं वाकलं होतं का? खरं सांगते, पहिले तीन दिवस मी इतकी सुखात होते की लग्नानंतर तशी नव्हते. डोंगर पाहिले, तलाव पाहिले, भाताची शेतं पाहिली. संध्याकाळी गायत्रीकडे परत.

चौथ्या दिवशी मी मोठी गाडी सोडून एक लहानशी घेतली. दोनच डबे, समुद्राच्या अगदी कडेनं जाणारी. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. डब्यात मी आणि पार पुढं पेंगणारा एक म्हातारा, बस्स. आभाळ भरलेलं, समुद्र राखेच्या रंगाचा. बोगदा यायचा, अंधार व्हायचा, कान दडपायचे... मग पुन्हा समुद्र. पुन्हा बोगदा.

एका बोगद्यातून बाहेर पडून गाडी एका ठेसनात थांबली. ठेसन कसलं, नुसता ओटा आणि वर पत्रा. माणूस नाही, काणूस नाही. खाली पाणी दगडांवर आपटत होतं. तिथं दार आपोआप उघडत नाही, ज्याला चढायचंय त्यानं बटण दाबायचं. मी पाहत होते, ओट्यावर कुणी नव्हतं. आणि दार उघडलं.

बराच वेळ उघडं राहिलं. गार वारा आला, शेवाळाचा वास आला. मग दार मिटलं, गाडी निघाली, लगेच बोगदा. त्या अंधारात मला आवाज आला... टप... टप... माझ्या शेजारी. उजेडात आलो तर रुमाल ओला. नुसता ओला नाही, पिळावा असा. सीटच्या कडेवरून पाणी गळत होतं, आणि गादी मध्ये दबलेली.

तुला वाटेल मी घाबरले. छे गं! मला रडूच फुटलं, आनंदानं. ओलेचिंब यायचे ना रोज! म्हटलं, आलात... शेवटी आलात. गादीवर हात ठेवला तर बर्फासारखी गार. तसाच ठेवला. बोटं बधिर झाली तरी काढला नाही.

पुढचे दोन दिवस तसंच. मी रुमाल पसरायची, गाडी सुटायची, आणि थोड्या वेळानं ती गादी दबायची. मी बोलत राहायची. गायत्रीच्या पोराचं, इथल्या पाण्याच्या टाकीचं, तुमच्या बिल्डिंगच्या भांडणाचं सुद्धा सांगितलं. एकच गोष्ट मनाला लागायची. रंगाचा वास येत नव्हता. ह्यांच्या तंबाखूचाही नाही. नुसता शेवाळाचा. म्हटलं, असेल बाई, मेल्यावर माणसाचा वास बदलत असेल.

सहाव्या दिवशी पलीकडच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. पांढरे केस, हातात विणकाम. ती सारखी आमच्याकडे पाहायची. शेवटी उठली, पिशवीतून एक टॉवेल काढला, आणि फोनमध्ये काहीतरी बोलून फोन माझ्यापुढं धरला. त्यात बोललेलं आपल्या भाषेत लिहून येतं. मी चष्मा लावून वाचलं.

'तुमच्या शेजारच्या बाई खूप भिजल्या आहेत. त्यांना हा द्या.'

बाई...

मी पुन्हा वाचलं. तेच. म्हातारीकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघून मायेनं मान हलवत होती. दोन दिवस मी जिचा हात धरून बसले... ती कोण? अगं, चूक माझीच. आपल्याकडे रुमाल टाकला म्हणजे कुणीतरी येणार आहे. त्या ओसाड ठेसनावर मी जागा धरून बसले होते. ज्याला कुणाला यायचं होतं ते आलं.

आणि मग, भीती राहिली बाजूला, मला असा संताप आला! इतकी वर्षं उभं राहिलेल्या माणसाची जागा. मी रुमाल खस्सकन ओढला आणि म्हटलं, "ऊठ! ही माझ्या नवऱ्याची सीट आहे. ऊठ म्हणते ना!" सगळा डबा वळून पाहू लागला. म्हातारीनं टॉवेल छातीशी धरला आणि लांब जाऊन बसली. गादी दबलेलीच होती... मग हळूहळू वर आली. मी पुढच्या ठेसनाला उतरले. सातव्या दिवसाचा पास तसाच राहिला, गायत्रीला सांगितलं पाय दुखतात.

घरी आल्यावर रुमाल गरम पाण्यात धुतला, कापूर ठेवून कपाटात घातला. ओलावा नाही, वास नाही. म्हटलं, सुटले.

आता मागच्या आठवड्याचं ऐक. भाचीची हळद होती नंदुरबारला. निघताना सवयीनं ह्यांचा रुमाल कपाटातून पर्समध्ये घातला होता. मी उधन्याला गाडी पकडली. गर्दी तर तुला माहीत आहे, दोन मिनिटांत पाय ठेवायला जागा राहत नाही. मी कशीबशी घुसले, दोन सीटा रिकाम्या दिसल्या. आणि काय झालं कुणास ठाऊक, मनात आलं, परदेशात परकं माणूस आलं, ही तर आपली गाडी. इथं आपलंच माणूस येईल. पर्समधून तोच रुमाल काढला आणि खिडकीला टाकला. शेजारी मी.

चलथाण आलं. बारडोली आली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, पोरं रडत होती, आणि माझ्या शेजारची सीट रिकामी. कुणी विचारलं सुद्धा नाही. त्या गाडीत, योगिता! जिथं दीड वीत जागेसाठी लोक झिंज्या उपटतात! माझा एक दंड गार पडायला लागला. मी तिकडे बघितलंच नाही.

व्यारा सोडलं तेव्हा समोर उभी असलेली कॉलेजची एक पोरगी वाकून म्हणाली, "मावशी, त्या ओल्या बाईंना जरा सरकायला सांगा ना. काका उधन्यापासून उभे आहेत."

"कोण काका...?"

"हे काय, तुमच्या मागं. पाय बघा ना त्यांचे, केवढे सुजलेत."

मी मागं पाहिलं. तिथं पिशव्या होत्या, एक पत्र्याची पेटी होती, आणि मधे एका माणसाएवढी जागा. त्या गर्दीत एका माणसाएवढी जागा, आणि कुणी तिच्यात पाय ठेवत नव्हतं. आणि तंबाखूचा वास. चुन्यात मळलेल्या तंबाखूचा, थोडा रंगाचा, थोडा वाफेचा.

म्हणजे सगळीकडे आले होते गं! जपानला सुद्धा. सहा दिवस, इतक्या गाड्यांत, आधी रिकाम्या सीटशी, मग त्या बाईला बसवून मी गप्पा मारत होते, आणि हे माझ्यामागं उभे होते. नेहमीसारखे.

मी उठले. माझा स्वतःचा रुमाल काढला, माझ्या सीटवर पसरला आणि म्हटलं, "जागा धरेल शे. बठा आते." आणि मी उभी राहिले. नवापूर गेलं, नंदुरबार येईपर्यंत उभी होते. गुडघे बोंबलत होते, पण डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. माझी सीट दबली होती, मी डोळ्यांनी पाहिली. बसले! एकदाचे बसले! त्या पोरीनं मला पाणी दिलं, तिला वाटलं मला चक्कर येतेय.

नंदुरबारला उतरायची घाई. मी दोन्ही रुमाल एकदम उचलले, पर्समध्ये कोंबले. हळदीच्या घरी गेल्यावर काढायला गेले तर एक ओढला की दुसरा मागून येतोय.

थांब, आणते. हे बघ. हा हिरव्या चौकटीचा, तिचा. आणि हा माझा पांढरा, ज्याच्यावर हे बसले. ही गाठ बघ. हळदीच्या घरी बायका म्हणाल्या, सरलाबाई, नवरा-नवरीचं उपरणं आणि शालू बांधतात तशी बांधलीय की, कुणाच्या लग्नाची? मी हसण्यावारी नेलं.

मी मारली नाही ही गाठ. देवाशपथ. उभी होते ना मी.

मी काय केलं ते कळतंय ना तुला? मीच बसवलं त्यांना तिच्याशेजारी. माझी जागा देऊन.

आठ दिवस झाले, रोज उन्हात टाकते. आधी फक्त हिरवा ओला होता, पांढरा कोरडा, तंबाखूच्या वासाचा. हुंगून झोपायची मी. कालपासून पांढराही ओला लागतोय. आणि वास... जाऊ दे. सुई घालून पाहिली, दात लावून पाहिले. कात्रीनं कापायचं मन होत नाही, ह्यांना लागलं तर?

तुझी नखं लांब आहेत, तूच बघ जरा सुटते का.

घे ना.

का गं... हात का मागं घेतलास? आणि मघापासून माझ्या मागं कुणाला बघतेस?