पाचवा डबा

खोटं वाटलं तर वाटू द्या. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मीही आजवर वेड्यातच काढलं. पण हे शहापूरजवळच्या आमच्या फॅक्टरीत घडलं, यंदाच्या मे महिन्यात, भर दुपारी.

आम्ही कापसापासून पावडर बनवतो. तेलाच्या विहिरी खोदताना खालचा वायू दाबून धरायला आत खाऱ्या पाण्यातला चिखल भरतात, तो घट्ट राहावा म्हणून ती टाकतात. माझं काम तपासणीचं. मिठाच्या पाण्यात पावडर कालवायची, पोलादी डब्यांत भरायची, दीडशे डिग्रीच्या भट्टीत फिरत्या रुळांवर सोळा तास लोळवायची. घट्ट राहिली तर पास, पातळ झाली तर फेल.

आधी हे काम संघपाल करायचा. एकदा माल पाण्यासारखा निघाला. मालक वीरेंद्रशेठ म्हणाला, पास लिही. संघपालनं लिहिलं नाही. त्याला काढलं.

मी लिहिलं. मी तसलाच.

संघपाल राजस्थानात एका विहिरीवर लागला. आमचा तोच माल तिथं पोचला. चिखल पातळ झाला, खालून वायू उसळला...

संघपाल घरी आला तो पेटीत.

तर त्या दुपारी मी चार डबे भट्टीत लावले होते. लाईन गेली. रूळ थांबले.

आवाज थांबला नाही...

गडगड. गडगड. एकाच डब्याचा.

झाडणारी शकुनबाई दारात थबकली. "लाईन नाही ना, मनीषभाऊ? मंग काहून फिरून रायलं थे?"

"उंदीर असन."

दीडशे डिग्रीत उंदीर. माझी अक्कल बघा.

भट्टी उघडली. आवाज बंद.

आत पाच डबे.

पाचव्यावर खडूनं लिहिलं होतं... संघपाल. अक्षर त्याचंच. आणि त्या भट्टीत तो एकटा डबा गार होता.

बाकीचे चार उघडले. चारही पातळ.

"डरून रायला का बे?" वीरेंद्रशेठ म्हणाला. "गाडी उभी आहे. पास लिहून टाक."

त्या शहाण्यानं भट्टीला लिंबू-मिरची बांधली. माल मात्र तोच पाठवला, राजस्थानलाच.

पास कोणी लिहिलं, ते विचारू नका.

परवा पुन्हा चार डबे लावले. दुपारी लाईन गेली.

गडगड... गडगड...

आता दोन.

शकुनबाईनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं, झाडू भिंतीला टेकवला आणि निघून गेली. ती अजून आली नाही.

"राजस्थानची काही खबर?" मी शेठला विचारलं.

"तुले काय करा लागते?" म्हणाला, आणि फोन उलटा ठेवला.

भट्टी मी उघडली. सहा डबे.

सहाव्यावर खडूनं नाव आहे, परसराम. अक्षर संघपालचं नाही.

या नावाच्या कोणालाही मी ओळखत नाही.

ते अक्षर माझं आहे.